लिस्बनला गेलेला वशिंडवाला वाघ

“ह्या कागदावर मी सही करनार न्हाई,” यशवंत पेंटर म्हणाले आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं. पेन माझं होतं. ते त्यांनी स्वतःच्या खिशाला अडकवलं.

“का नाही?”

“तुमी लिवलंय, माजा वाघ वाघासारखा न्हाई.”

“तसं नाही लिहिलेलं, यशवंतभाऊ. ‘नैसर्गिक वाघापेक्षा वेगळा’ असं लिहिलंय.”

“एकच झालं.”

शेजारच्या खुर्चीत शेवंताबाई बसल्या होत्या. वाघ त्यांच्या पापडाच्या पुड्यावरचा. त्या म्हणाल्या, “आवो, करा की सही. सारं मावळ म्हनतंय त्ये मांजर हाय म्हनून. तुमी एकट्यानंच काय धरून बसलाय?”

यशवंतभाऊ उठले, चपला घातल्या आणि माझ्या तळेगावच्या ऑफिसचा जिना उतरून गेले. लिस्बनला कागद पोहोचवायला अकरा दिवस उरले होते.

रेवा, चिन्मय, मागच्या रविवारी तुम्ही फोनवर विचारलंत की आजी नक्की कसली वकील होती. तुमची आई म्हणाली, “ब्रँडची.” ते अर्धं बरोबर आहे. उरलेलं अर्धं या प्रकरणावरून कळेल, म्हणून ते क्रमाने लिहून पाठवते. हे माझ्या वकिलीच्या शेवटच्या वर्षांतलं काम. त्यानंतर मी ऑफिस बंद केलं आणि लोणावळ्याच्या घरी कायमची राहायला आले.

आधी दोन शब्द समजून घ्या. ट्रेडमार्क म्हणजे मालावरची खूण. ती बघून गिऱ्हाईक म्हणतं, “हो, हाच तो.” नाव असेल, चित्र असेल, दोन्ही असतील. कॉपीराइट म्हणजे चित्र काढणाऱ्याचा, लिहिणाऱ्याचा स्वतःच्या कृतीवरचा हक्क. खूण सहसा दुकानदाराची असते आणि कॉपीराइट सहसा कलावंताचा. दोघांना वाटत असतं की सगळं आपलंच आहे. माझं घर तेवढ्यावर चाललं.

आता शेवंताबाई. परंदवडीत त्यांचा तांदळाच्या पापडांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड, दोन ड्रायर आणि बारा बायका. शेजारच्या गावातल्या एकीने मोर छाप पापड काढले होते. मोराहून भारी काय, असा विचार करून शेवंताबाईंनी वाघ ठरवला. बेडश्याच्या यशवंत पेंटरांना बोलावून शेडवर पत्र्याचा बोर्ड रंगवून घेतला. पुढे पुडे छापायची वेळ आली तेव्हा प्रेसवाल्याने मोबाईलवर त्या बोर्डाचा फोटो काढला आणि जसाच्या तसा पुड्यावर टाकला. म्हणजे वाघ आला आणि त्याच्या शेपटीखालची पेंटरची सहीसुद्धा आली: ‘यश आर्ट्स, बेडसे. कोणत्याही फोटोवरून सेम टू सेम काढून मिळेल.’ खाली मोबाईल नंबर. कुणाचं लक्ष गेलं नाही. पापड विकले जात होते.

वाघाचं वर्णन करायला हवं. तो समोर तोंड करून उभा आहे. डोळे मोठे, आणि त्यांना लांब वळणदार पापण्या. चेहरा असा, की कुणीतरी नुकतीच अनपेक्षित बातमी सांगितली आहे. आणि पाठीवर, खांद्याच्या जरा मागे, वशिंड. वशिंड म्हणजे आपल्याकडच्या बैलाला असतो तो उंचवटा. तुम्ही लहानपणी त्याला बैलाची सॅक म्हणायचात.

हे पापड लिस्बनच्या एका आयातदाराने मागवले. पहिली खेप गेली, संपली. दुसरी मोठी खेप बंदराकडे निघायची होती तेव्हा त्याचा ईमेल आला. शेवंताबाईंची सून अश्विनी बी.कॉम. आहे, पत्रव्यवहार ती बघते. तिने तो छापून माझ्यासमोर ठेवला.

आयातदाराने लिहिलं होतं की ‘वाघ पापड’ हे नाव आणि वाघाचं चित्र यांच्या नोंदणीसाठी त्याने पोर्तुगालमध्ये स्वतःच्या नावाने अर्ज केला आहे. यापुढे हे चित्र वापरायचं तर त्याच्या परवानगीने वापरायचं आणि त्या देशात फक्त त्यालाच माल द्यायचा. करारावर सही करा, नाहीतर दुसरी खेप बंदरावर अडेल.

“म्हंजी वाघ त्याचा,” शेवंताबाई म्हणाल्या, “आन् पापड लाटायला आमी.”

“थोडक्यात तसंच,” मी म्हटलं.

“पन आमी आदीपासून विकतोय की. सगळ्यांना ठावं हाय.”

इथे आपला देश आणि त्यांचा देश यांत फरक आहे. आपला कायदा इंग्रजांच्या वळणाचा. खूण आधी कोण वापरत होतं याला आपल्याकडे फार वजन असतं. शेवंताबाई दहा साक्षीदार घेऊन उभ्या राहिल्या असत्या तर इथल्या कोर्टाने त्यांचं नक्की ऐकलं असतं. पोर्तुगाल हा सिव्हिल लॉचा देश. तिथे सगळं संहितेत लिहिलेलं असतं, आणि खुणेच्या बाबतीत रजिस्टर मोठं. ज्याचा अर्ज आधी, त्याची खूण. तुम्ही वीस वर्षं वापरताय, छान. अर्ज कुठे आहे? शेवंताबाईंचा अर्ज कुठेच नव्हता. तळेगावलासुद्धा नव्हता.

मात्र अर्ज प्रसिद्ध झाल्यावर दोन महिने हरकत घेता येते. त्यातले सतरा दिवस ईमेल वाचण्याआधीच गेले होते. मी लिस्बनच्या एका वकीलबाईंना गाठलं. त्यांचं नाव तेरेझा. एका परिषदेत आमची ओळख झाली होती. व्हिडिओ कॉलवर मी त्यांना पुडा दाखवला.

त्यांनी बराच वेळ बघितलं. मग विचारलं, “प्राणी कोणता?”

“वाघ.”

“बरं,” तेरेझा म्हणाल्या आणि लिहून घेतलं. चांगली वकील होती.

त्यांना मार्ग दोन दिसत होते. पहिला असा, की माल विकत घेणाऱ्यानेच मालाची खूण पळवली, हा अप्रामाणिकपणा आहे. हा मार्ग मला पक्का वाटला. म्हणून मी अश्विनीला विचारलं, “त्याने तुम्हाला याबद्दल आधी कधी काही विचारलं होतं का?”

अश्विनीने सासूकडे बघितलं. सासूने पंख्याकडे.

“विचारलं होतं, मॅडम. तिकडे ब्रँडचे पेपर मी करू का, असा मेसेज होता. मी आईंना विचारलं. आई म्हणाल्या, लिही, आता ते तुमचंच आहे.”

“आणि तू काय लिहिलंस?”

“इट इज नाऊ युवर्स.”

शेवंताबाई म्हणाल्या, “आवो मॅडम, पावण्याला आसंच म्हंत्यात. घरी आला तर म्हनू, घर तुमचंच हाय. म्हनून काय त्यो घर उचलून न्हेतो व्हय?”

मी तेरेझांना हे सांगितलं. त्या म्हणाल्या की पोर्तुगालमध्येही लोक पाहुण्याला असं म्हणतात, पण सहसा लेखी देत नाहीत. पहिला मार्ग तिथे संपला.

दुसरा मार्ग कॉपीराइटचा. खूण देऊन टाकली असेल, पण चित्र? दुसऱ्याच्या चित्रावरचा हक्क मोडत असेल तर ती खूण तिथे नोंदता येत नाही. आणि कॉपीराइटला नोंदणी लागत नाही. चित्र काढलं की हक्क जन्मतो, आणि देशादेशांमधल्या करारामुळे तो बेडश्याइतकाच लिस्बनलाही चालतो. शेवंताबाईंनी पेंटरकडून कधीच काही लिहून घेतलेलं नव्हतं. म्हणजे वाघाच्या चित्राचे मालक यशवंतभाऊ होते. जे शेवंताबाईंचं नव्हतंच, ते त्यांनी कितीही अगत्याने देऊ केलं तरी दिलं गेलं नव्हतं.

“आन् चित्र पेंटरचं हाय ह्याचा पुरावा काय?” शेवंताबाईंनी विचारलं.

मी आयातदाराचा अर्ज पुढे केला. त्याने पुडाच स्कॅन करून जोडला होता. वाघ, पापण्या, वशिंड, आणि शेपटीखाली यश आर्ट्स, बेडसे, मोबाईल नंबरासकट. मराठी वाचता येत नसल्यामुळे ती नक्षी आहे असं त्याला वाटलं असावं. माझ्या एवढ्या वर्षांच्या कामात समोरच्याने स्वतः आमचा पुरावा दाखल केल्याचं हे एकमेव उदाहरण.

तेरेझांनी त्या ओळीचं अधिकृत भाषांतर हरकतीत घातलं. आम्ही दोघी खूश होतो.

मग आयातदाराच्या वकिलाचं उत्तर आलं. त्याने आमचंच भाषांतर वापरलं होतं. त्याचं म्हणणं असं: कॉपीराइट मिळतो तो मूळ कृतीला. हा चित्रकार तर स्वतःच जाहीर करतो की कोणत्याही फोटोवरून तो सेम टू सेम काढून देतो. म्हणजे हा वाघ कुठल्यातरी फोटोची नक्कल आहे. नकलेला कॉपीराइट नाही, हरकत फेटाळावी.

मूळ कृती म्हणजे काय, हे त्या देशांमध्ये फार मनावर घेतात. त्यांच्या लेखी कृतीवर काढणाऱ्याच्या व्यक्तिमत्त्वाचा ठसा उमटलेला हवा. नुसते कष्ट पुरत नाहीत. हात कितीही सफाईदार असो, त्याने समोरचंच उतरवलं तर ते त्याचं नाही. वाघ जितका बरोबर, तितका आमचा खटला कच्चा. सुदैवाने वाघ अजिबात बरोबर नव्हता. फक्त पेंटरांनी तसं उत्तराच्या मुदतीत शपथेवर सांगायचं होतं. म्हणून मी ॲफिडेव्हिट केलं, म्हणजे शपथेवर दिलेलं लेखी निवेदन. आणि मग जे झालं ते तुम्ही सुरुवातीला वाचलंत.

यशवंतभाऊ गेल्यावर अश्विनी म्हणाली, “मॅडम, स्पष्ट बोलू? देऊन टाकू त्याला तो वाघ. मी पुण्याच्या डिझायनरकडून नवीन करून घेतलाय.” तिने फोनवर दाखवला. देखणा वाघ होता, झेप घेणारा. “हे बघा. याला निदान लोक वाघ म्हणतील.”

“आन् गिऱ्हाईक?” शेवंताबाई म्हणाल्या. “तितली बाई दुकानात जाऊन काय मागंल? त्यांना मराठी कुटं वाचता येतंय? त्या ह्या तोंडाला वळखत्यात. लय ग्वाड तोंड हाय म्हनत्यात, तूच वाचून दावलंस. नवा वाघ बगून म्हनतील, पापड बदलला.”

अश्विनीने फोन पर्समध्ये ठेवला. सासूबाई ट्रेडमार्कची व्याख्या सांगून मोकळ्या झाल्या होत्या, तीही माझ्यापेक्षा कमी शब्दांत.

मी दुसऱ्या दिवशी यशवंतभाऊंना फोन केला. सहीचं बोलायचं नाही, असं आधीच कबूल केलं. एवढंच म्हटलं, “तुमची बाकीची जनावरं बघायची आहेत.”

“बगा की,” ते म्हणाले. “बगूनच सांगा, कुटं फरक हाय.”

अश्विनीने पापडांचा छोटा टेम्पो काढला. ती चालवायला, मी शेजारी, कॅमेरा माझ्या मांडीवर. यशवंतभाऊ मागे रिकाम्या क्रेटवर बसले आणि मधल्या खिडकीतून वाट सांगत राहिले.

पहिली आंबीची पोल्ट्री. भिंतीवर पुरुषभर उंचीची कोंबडी. कोंबडीला पापण्या होत्या. पंखांच्या वर, मानेच्या मागे, वशिंड होतं.

मी पोल्ट्रीवाल्याला विचारलं, “ही कोंबडी बघून कोणी काही म्हणतं का?”

“इचारत्यात, आजारी हाय का म्हनून,” तो म्हणाला. “पन पेंटर आपला मानूस हाय.”

“फोटोवरनं काडलीय,” यशवंतभाऊ म्हणाले. “सेम टू सेम.”

मग परंदवडीची अंगणवाडी. तिथे हत्ती. हत्तीला वशिंड असल्यामुळे त्याच्या पाठीवर दोन मजले झाले होते. पापण्या इतक्या सुंदर, की अंगणवाडीच्या ताईंनी त्याचं नाव राणी ठेवलं होतं. मग पवनेच्या बाजूला एका खाणावळीचा बोर्ड: ‘ताजी मासळी मिळेल.’ मासा बाजूने पोहत होता, पण तोंड वळवून आमच्याकडे बघत होता. त्यालाही तीच बातमी समजलेली दिसत होती. वशिंड पराच्या जरा पुढे.

प्रत्येक ठिकाणी ते म्हणत, “घ्या फोटू.” मी घेत होते. त्यांना दाखवायचं होतं की त्यांचं प्रत्येक जनावर खऱ्यासारखं आहे. मला दाखवायचं होतं की त्यांचं प्रत्येक जनावर फक्त त्यांच्यासारखं आहे. दोघांचं काम एकाच फोटोत होत होतं, त्यामुळे दिवस खेळीमेळीत गेला.

दुपारी चहाला थांबलो तेव्हा मी विचारलं, “यशवंतभाऊ, या डोळ्यांना पापण्या कशा?”

“मी सुरवात कुटं केली? तमाशाच्या बोर्डावर. मालकीन म्हनायची, सगळं ऱ्हाऊ दे, डोळं नीट काड, लोक डोळ्याला येत्यात. तवापासनं हात बसला. जनावराला बी डोळं हायेतच की.”

“आणि हा वाघ कुठल्या फोटोवरून काढलात?”

“क्यालेंडर हुतं. मेव्हन्याच्या गिरनीत अजून टांगलंय. चला, तुमची खात्री करून देतो.”

मला तेच हवं होतं आणि त्याचीच भीती होती. कॅलेंडरवर पापण्यांचा, वशिंडाचा वाघ निघाला असता तर आमचा खटला तिथेच पिठात गेला असता.

बेडश्याच्या पिठाच्या गिरणीत, मोटरच्या वरच्या खिळ्याला, बियाणं विकणाऱ्या कुठल्याशा दुकानाचं जुनं कॅलेंडर होतं. चित्राखालची पानं कधीच फाडून संपली होती. वाघ पिठाने पांढरा झाला होता. मेहुण्यांनी पट्टा थांबवला आणि फडक्याने वाघ पुसला.

तो एका बाजूला तोंड करून चालणारा, साधा, मिटल्या तोंडाचा वाघ होता. कुणाकडे बघत नव्हता. पाठ सपाट. पापण्या शोधूनही सापडल्या नसत्या.

यशवंतभाऊंनी पापडाचा पुडा त्याच्या शेजारी धरला. “हं. बगा आता. सेम टू सेम.”

अश्विनी दाराबाहेर जाऊन उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

शेवटी मेहुणे म्हणाले, “दाजी, ह्याला वशिंड कुटनं आलं?”

यशवंतभाऊंनी पुड्याकडे बघितलं, कॅलेंडरकडे बघितलं. “क्यालेंडरवाल्यानं काडलं न्हाई त्ये.”

“वाघाला नसतंच की.”

“आसं कसं? वशिंडाबिगर जनावर हुबं कसं ऱ्हाईल? जोर कुटनं येनार?” त्यांनी बोट कॅलेंडरवर ठेवलं. “ह्यो बग. ह्याच्यात जोरच न्हाई. चाललाय आपला खाली मान घालून. म्या त्याला जोर दिला. आनि तोंड पुढं वळवलं. गिऱ्हाईक दुकानात आलं तर वाघानं त्याच्याकडं बगायला नगं? ह्यो तर भिंतीकडं बगतोय.”

“म्हणजे कॅलेंडरमध्ये जे चुकलं होतं ते तुम्ही सुधारलंत,” मी म्हटलं.

“मंग? चुकलेलं तसंच काडू व्हय?”

मी गिरणीतल्या पोत्यावर बसले आणि पर्समधून वही काढली. माझ्या पहिल्या ॲफिडेव्हिटमध्ये काय चूक होती ते मला तेव्हा कळलं. मी त्यांच्याकडून त्यांचा वाघ खोटा असल्याची कबुली मागत होते. त्यांच्या मते खोटा वाघ कॅलेंडरचा होता.

नवं ॲफिडेव्हिट तिथेच लिहिलं. त्यातला एकही शब्द मी बनवलेला नाही. बोलीचं शुद्ध मराठी केलं, तेवढंच. ते असं:

‘मी हे चित्र काढताना समोर एक कॅलेंडर ठेवले होते. कॅलेंडरमधील वाघ मला सदोष वाटला. त्यात जोर नव्हता, म्हणून मी वशिंड घातले, कारण वशिंडाशिवाय जनावर उभे राहू शकत नाही असे माझे मत आहे. त्याचे तोंड मी गिऱ्हाइकाकडे वळवले. डोळ्यांना पापण्या दिल्या, कारण लोक डोळे बघतात. हे बदल मला कोणीही सुचवले नाहीत. मी सर्व जनावरे याच पद्धतीने काढतो. सोबत कोंबडी, हत्ती व मासा यांचे फोटो जोडले आहेत.’

मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. यशवंतभाऊंनी ‘सदोष’ हा शब्द पुन्हा वाचायला लावला. तो त्यांना आवडला. मग दुसऱ्या दिवशी तळेगावला येऊन त्यांनी नोटरीसमोर सही केली, माझ्याच पेनाने. कॅलेंडरचा फोटोही जोडला. कागदावर परदेशात चालणारा सरकारी शिक्का घेतला आणि मुदतीला तीन दिवस उरले असताना सगळं लिस्बनला पोहोचलं.

तेरेझांचा त्या रात्री फक्त एका ओळीचा मेसेज आला: ‘माशाबद्दल मला आधी का सांगितलं नाही?’

दुसरी खेप तोपर्यंत शेडमध्येच होती. निकाल लागेपर्यंत ती पाठवू नका, असं मी सांगितलं होतं. बारा बायका ड्रायर पुसत होत्या, पुडे मोजत होत्या आणि पुन्हा मोजत होत्या. शेवंताबाई दर सोमवारी फोन करायच्या. “काय म्हनतोय पोर्तुगाल?” मी म्हणायचे, “वाचतोय.” “एवडं काय वाचतोय? वाघ तर हाय.”

निकाल आला तेव्हा पावसाळा उलटून गेला होता. शेवंताबाई, अश्विनी आणि यशवंतभाऊ यांना मी ऑफिसात बोलावलं आणि तेरेझांनी स्क्रीनवरून वाचला. मी मराठीत सांगत गेले. तिथल्या नोंदणी कार्यालयाचं म्हणणं होतं की चित्रकाराने उपलब्ध नमुन्यापासून जाणीवपूर्वक आणि स्वतःच्या निवडीने फारकत घेतली आहे. हीच निवड त्याच्या इतर कामांत, विशेषतः मत्स्यचित्रात, सातत्याने दिसते. हा त्याच्या व्यक्तिमत्त्वाचा ठसा आहे. चित्राला कॉपीराइट आहे, चित्रकाराने कोणाला परवानगी दिलेली नाही, सबब आयातदाराचा अर्ज नामंजूर.

शेवंताबाईंनी दोन्ही हातांनी पदर तोंडावर घेतला आणि तशाच बसून राहिल्या. अश्विनीने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

यशवंतभाऊंनी मात्र विचारलं, “वाघ म्हनले का?”

मी तेरेझांना विचारलं. त्यांनी पानं उलटली. निकालात पहिल्यापासून शेवटपर्यंत ‘मार्जारकुळातील एक प्राणी, वशिंडासह’ असा उल्लेख होता. बहुधा अधिकाऱ्यांना त्या वादात पडायचं नव्हतं.

“म्हंजी मांजर?” पदराआडून शेवंताबाई म्हणाल्या.

“वाघ त्याच कुळातला आहे,” मी म्हटलं. यशवंतभाऊंनी ते मान्य केलं, पण त्यांचं पूर्ण समाधान झालेलं दिसलं नाही.

आता उरलेली कामं. यशवंतभाऊंकडून शेवंताबाईंच्या नावाने चित्राच्या हक्कांचं लेखी हस्तांतर करून घ्यायचं होतं, म्हणजे पुन्हा हा घोळ नको. यशवंतभाऊ तयार होते, एका अटीवर: वशिंड कोणी काढायचं नाही. मी त्यांना सांगितलं की तशी अट घालायची गरज नाही. हक्क विकले तरी कृतीची मोडतोड झाल्यास हरकत घ्यायचा अधिकार कलावंताकडेच राहतो. आपल्याकडेही तशी तरतूद आहे, आणि सिव्हिल लॉच्या देशांत तर तो अधिकार कलावंताला स्वतःला विकायचा म्हटलं तरी विकता येत नाही.

“तरी घाला,” ते म्हणाले. घातली. कलम सहा.

अश्विनीने त्या देखण्या वाघाचे पुडे आधीच छापून घेतले होते. मी तो वाघ इंटरनेटवर शोधून बघितला, सवयीने. तो एका टायर कंपनीकडे होता, दोन व्यायामशाळांकडे होता आणि एका बामच्या डबीवर होता. डिझायनरने तो कुठूनतरी उचलला होता. अश्विनीने पुडे शेडच्या माळ्यावर टाकले आणि जुन्या वाघाची नवी छपाई सांगितली. या वेळी शेपटीखालचा मोबाईल नंबर तेवढा काढला. यशवंतभाऊंची परवानगी घेऊन, लेखी.

दुसरी खेप लिस्बनच्या दुसऱ्या एका दुकानदाराकडे गेली, आणि आधी शेवंताबाईंच्या नावाने अर्ज गेला. भारतातही केला. पाहुण्यांना आता त्या चहा देतात, पापड देतात, आणि काय कोणाचं आहे याबद्दल काही बोलत नाहीत.

एक गोष्ट माझ्या हाताबाहेर गेली. महिन्याभराने बेडश्याच्या फाट्यावर यशवंतभाऊंचा नवा बोर्ड लागला: ‘यश आर्ट्स. पोर्तुगाल सरकारमान्य.’ मी त्यांना फोन करून समजावलं की असं लिहिता येत नाही.

“मान्य केलं का न्हाई त्यांनी?” त्यांनी विचारलं.

“केलं, पण…”

“मंग?”

मी चाळीस वर्षं वकिली केली. हरलेला खटला मला ओळखता येतो. बोर्ड अजून तिथेच आहे.

तुम्हा दोघांपैकी कोणी पुढेमागे धंदा काढलाच, तर एवढं लक्षात ठेवा. माल परदेशी पाठवायच्या आधी तिथे अर्ज पाठवा, माल नंतर गेला तरी चालतो. खुणेसाठी चित्र काढून घ्याल तेव्हा काढणाऱ्याची सही रंग वाळायच्या आत कागदावर घ्या. आणि चित्र जरा चुकलं तर लगेच दुरुस्त करायला जाऊ नका. आधी वकिलाला दाखवा.